संशोधन करायला बायांना कुणी शिकवलं?



ट्रेनिंग हा शब्द आता आपल्या घरातलाच झालाय. शिवणाचं ट्रेनिंग, शेळीपालनाचं ट्रेनिंग, बचत गटाचा हिशोब लिहायचं ट्रेनिंग. पण आजाराचं मूळ हुडकणारी, औषध शोधणारी जी माणसं असतात, त्यांना कोण शिकवतं? कॉलेजात पुस्तकं शिकवतात हे खरं. पण भाकरी कशी थापायची हे पुस्तकात वाचून कुणाला आलंय का? पिठाचा हात, तव्याचा ताव, हे कुणाच्या तरी शेजारी बसूनच येतं. संशोधनाचंही तसंच आहे. प्रयोगशाळेत जाणत्या माणसाच्या शेजारी बसायला जागा मिळावी लागते. आज आम्ही त्या जागेचीच गोष्ट सांगणार आहोत. ती बायांना कशी मिळाली, कुणी अडवली, आणि ती फिरत फिरत आपल्या गावापर्यंत कशी आली.

सुरुवात १९३३ सालापासून करू. मुंबईच्या कमल भागवत बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. या लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. कमलनंही तिथंच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले, साऱ्या देशाला अभिमान असलेले. त्यांनी अर्ज नाकारला. मार्क कमी होते म्हणून नाही, तर मुलगी म्हणून. वडील आणि काका भेटून आले, उपयोग झाला नाही. मग कमल स्वतः बंगळूरला गेल्या आणि तिथून हलेनातच. हा गांधीजींच्या सत्याग्रहाचा काळ होता, हे लक्षात घ्या.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष परीक्षेखातर ठेवू. काम पसंत पडेपर्यंत ते मान्य समजायचं नाही. आणि तिच्यामुळे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही तिसरी अट ऐकली की आम्हाला आजही राग येतो. रामन मोठे शास्त्रज्ञ होते यात शंका नाही, पण मोठ्या माणसाची चूक मोठीच असते, ती झाकून ठेवायचं कारण नाही. कमलनी त्या अटींखाली काम केलं. दूध, डाळी, कडधान्यं यांच्यातली प्रथिनं तपासली. श्रीनिवासय्या नावाचे गुरू त्यांना तिथं लाभले, कडक पण मनापासून शिकवणारे. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. त्यांचं काम बघून रामन यांनी पुढे मुलींना संस्थेत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे एका मुलीच्या कामावर बाकीच्यांचं दार अवलंबून होतं. ती नापास झाली असती तर? मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. मुलगी झाली तर सगळ्या मुली नापास ठरतात. ही परीक्षा पुरुषांना कधी द्यावी लागली नाही.

पुढे त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आल्या. दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेजात, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या. याच त्या डॉ. कमल सोहोनी. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन नीरेवर काम केलं. नीरा म्हणजे ताडामाडाचा ताजा, न आंबलेला रस. ती कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवलं.

आता दुसऱ्या कमल. आणि ही गोष्ट आम्हाला जरा सावकाश सांगायची आहे.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथंच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. मुलगी दोन्ही गोष्टींना नाही म्हणाली. १९३९ मध्ये गणित जाणणाऱ्या ज. त्र्यं. रणदिव्यांशी लग्न झालं आणि नवऱ्यानं पुढच्या शिक्षणाला हातभार लावला. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ मध्ये एम.एस्सी. केली. विषय कोणता, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. सीताफळापासून निघालेली बाई कॅन्सरपर्यंत पोचली.

कशी पोचली? मुंबईला परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात कॅन्सर का होतो, यावर पहिल्यांदा काम करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी कमल रणदिव्यांना आपल्या हाताखाली घेतलं. १९४९ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंची पीएच.डी. झाली. इथं कुणी पाय अडवला नाही. एक चांगला गुरू भेटला की किती वर्षं वाचतात, ते सोहोनीबाईंची आणि यांची गोष्ट शेजारी ठेवून बघा.

पण एक विद्या अशी होती जी परळमध्ये शिकायची सोय नव्हती. टिश्यू कल्चर. आपल्यापैकी केळीवाल्या बायांना हा शब्द माहीत आहे, टिश्यू कल्चरची रोपं आपण लावतो. झाडाचा बारीक तुकडा बाटलीत जगवून त्याचं रोप करतात, तसंच माणसाच्या शरीरातल्या पेशी काचेच्या नळीत जगवायच्या. कॅन्सरचा अभ्यास करायचा तर कॅन्सरची पेशी जिवंत हवी. मेलेल्या पेशीवरून ती कशी वाढते, कशानं थांबते, हे कळणार कसं? आणि माणसाची पेशी शरीराबाहेर काढली की लगेच मान टाकते.

हे काम अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय नावाचे शास्त्रज्ञ करत होते. बायको मार्गारेट त्यांच्या जोडीनं राबायची, ती मूळची नर्स. पेशींना खायला काय द्यायचं, हे दोघांनी करून करून शोधलं होतं. कोंबडीच्या रक्तातलं पाणी, वासराच्या गर्भाचा अर्क, आणि बाळंतिणीच्या नाळेतलं रक्त. नळ्या सावकाश फिरत राहाव्यात म्हणून त्यांनी एक फिरतं पिंपच बनवलं होतं. विरजण लावताना दूध किती कोमट हवं, हे जसं बोटालाच कळतं, तसलं हे काम. शिष्यवृत्ती घेऊन कमलताई तिथं गेल्या आणि ही विद्या हातात घेऊन परत आल्या.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई, पाच लेकरांची आई, तंबाखूच्या शेतात राबून वाढलेली, हॉपकिन्सच्या दवाखान्यात आली. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. उपचार करताना गाठीचा तुकडा काढून गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. तिला विचारलं नाही. इतरांच्या पेशी मरायच्या, तिच्या मात्र वाढतच राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती वारली. तिच्या नावाच्या अक्षरांवरून ‘हेला’ म्हटल्या जाणाऱ्या त्या पेशी जगभर गेल्या. पोलिओच्या लशीची तपासणी त्यांच्यावर झाली. तिच्या घरच्यांना हे वीसेक वर्षांनी समजलं. २०२३ मध्ये त्या पेशी विकून पैसा कमावणाऱ्या एका कंपनीनं तिच्या वारसांशी तडजोड केली.

म्हणजे बघा, एकाच प्रयोगशाळेत दोन बाया. एक शिकायला गेली, तिला शिष्यवृत्ती मिळाली. दुसरी आजारी म्हणून आली, तिच्या अंगातलं न विचारता घेतलं. संशोधनात बाईची जागा कुठे, टेबलाच्या कोणत्या बाजूला, हा प्रश्न आम्हाला इथं दिसतो.

कमलताई परतल्या. बाहेर शिकलेल्यांनी परत यावं, असा त्यांचा इतरांनाही आग्रह असायचा. १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं. तिथं त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली, असा तिचा उल्लेख होतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताचा कॅन्सर यांचा उंदरांवर अभ्यास केला. शरीरातले हार्मोन आणि कॅन्सरची गाठ यांचा संबंध काय, हे तपासलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांचं काम आहे. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

पण आम्हाला पद्मभूषणपेक्षा १९७३ सालची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या वर्षी कमलताईंनी सहकारी बायांना घेऊन भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना काढली. का, तर प्रयोगशाळेत मुली येऊ लागल्या होत्या, पण टिकत नव्हत्या. लग्न, बाळंतपण, बदलीचा नवरा, मुलाला कुठे ठेवायचं, मुंबईत राहायचं कुठे. संघटनेनं वाशीला नोकरदार बायांचं वसतिगृह काढलं, पाळणाघर काढलं. संशोधनाच्या इतिहासात पाळणाघर कशाला, असं कुणी म्हणेल. ज्यांनी लेकरू कडेवर घेऊन काम केलंय त्या म्हणणार नाहीत. आज केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाची खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी योजना आहे. तुमच्या गावातली एखादी मुलगी एम.एस्सी. होऊन चुलीपाशी बसली असेल तर तिच्या कानावर हे घाला.

उतारवयात कमलताई अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या. तो तेव्हाचा अहमदनगर जिल्हा.

आता गडचिरोली. याच बाल्टिमोरच्या विद्यापीठातून १९८४ साली आणखी दोन मराठी माणसं शिकून आली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. ते पेशी नाही, लोकांचं आरोग्य मोजायला शिकले. किती माणसं, किती आजार, कोण दगावलं आणि का. १९८६ मध्ये ते गडचिरोलीत राहायला आले. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के बायांना अंगावरून जाणं, सूज, पाळीचे त्रास असा काही ना काही बायकांचा आजार होता. आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे १९८९ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापून आलं. बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि ऑपरेशन, असं मानणाऱ्यांना ते वाचावं लागलं.

आणि मग इथं जागा आणखी खाली सरकली, म्हणजे आमच्या मते वर चढली. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वास मोजून कळतं. पण शंभरापर्यंत आकडे न येणाऱ्या सुईणीनं श्वास मोजायचे कसे? त्यासाठी मण्यांची चौकट बनवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपल्याचं वाळूच्या घड्याळावरून समजायचं. सरकलेल्या मण्यांवरून समजायचं, श्वास जोरात आहे का.

१९९५-९६ साली ३९ गावांत गावातल्याच बाया, शिक्षण पाचवी ते दहावी, नव्या जन्मलेल्या बाळांच्या नोंदी ठेवू लागल्या. वजन, ताप, दूध ओढतं का, अंग गार पडतं का. एका वर्षात ७६३ बाळांच्या नोंदी झाल्या. दर पंधरवड्याला डॉक्टर येऊन त्या तपासत. आम्ही याला संशोधनाचं ट्रेनिंगच म्हणतो. परळला खानोलकर शेजारी बसून शिकवत होते, इथं झोपडीत बसून शिकवणं चाललं होतं, फरक जागेचा. पुढे याच बाया बाळांवर उपचार करायला शिकल्या, इंजेक्शनसुद्धा. आणि त्या गावांत बाळं दगावण्याचं प्रमाण शेजारच्या गावांच्या मानानं सुमारे ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

एक गोष्ट आमच्या श्रोत्या बायांसाठी. तुमच्या दारात कुणी फॉर्म घेऊन आलं, रक्त किंवा दुसरा नमुना मागितला, तर आधी विचारा, हे कशासाठी? कोण करतंय? निकाल आम्हाला कळणार का? संशोधन असेल तर ते तुमच्या भाषेत समजावून सांगून, तुमची संमती घेऊनच करायचं, असे आपल्या देशातले नियम आहेत. नाही म्हणता येतं, आणि हो म्हटल्यावर मधूनच थांबताही येतं. त्यामुळे तुमचा दवाखान्यातला उपचार अडवता येत नाही. हेन्रिएटाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

२०११ पासून घरी येऊन बाळ बघायचं काम देशभरातल्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे सहा वेळा, घरी झालेलीकडे सात वेळा. त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतं, सेकंद दाखवणारं घड्याळ असतं. पुढच्या वेळी आशाताई बाळाचं अंग उघडून मिनिटभर गप्प बसल्या, तर त्यांच्याशी बोलू नका. त्या श्वास मोजत असतात.