शंकरपटाचे वंगण

भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी गावांत बंडीच्या आसाला तेल निवडताना कास्तकार जवसाकडे, ते शिवारात मुबलक पिकत असूनही, सहसा वळत नसे; कारण जवसाचे तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते, आणि एरंडेल मात्र न वाळता लोखंडाला बिलगून राहते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील आगगाड्यांच्या आसांनाही हेच तेल पाजीत. एरंडेलात भिजवलेली चिंधी आसावर गुंडाळली, की करकर थांबे. शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, बाब निराळी: पौषाच्या गारठ्यात एरंडेल दाटते, आणि जे वंगण ओझ्याच्या बंडीस उपकारक, तेच शर्यतीच्या हलक्या छकड्यास अडसर ठरावे, हे स्वाभाविकच. पुढे खनिज तेलाचे ग्रीस आले. एरंडेलाचा मान गेला, त्याची मला फारशी हळहळ नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने हे शर्यतींचे पटच थांबले, ते डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगीने पुन्हा खुले झाले.