पडद्याआडचें एक दुखणें



आजचा विषय असा आहे कीं, तो निघतांच पुष्कळ घरांत बोलण्याचा आवाज आपोआप खालीं येतो. स्त्रियांना होणारे लघवीचे विकार! वारंवार होणारी जळजळ, खोकतांना किंवा हंसतांना लघवी सुटणें, हे विकार घरोघरीं आहेत आणि बहुतेकांवर उपायही आहेत. तरीसुद्धां ‘बायकांचें दुखणें’ म्हणून ते वर्षानुवर्षें अंगावर काढले जातात. त्यांपैकीं अत्यंत दारुण अशा एका विकाराचा इतिहास मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें. त्यावरील उपाय केव्हां सांपडला यापेक्षां तो कोणाच्या देहावर सांपडला, ही गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते.

प्रसूति अडली आणि वेळेवर मदत मिळाली नाहीं, म्हणजे मुलाचें डोकें मातेच्या मूत्राशयाला पुढच्या हाडावर दाबून धरतें. असे दोन-तीन दिवस गेले कीं, तेथील रक्तप्रवाह बंद पडून तो भाग मरतो, कांहीं दिवसांनीं गळून पडतो, आणि मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्यें भोंक राहतें. मूल बहुधा दगावलेलें असतें. बाई वांचते, पण तिची लघवी त्या दिवसापासून रात्रंदिवस झिरपत राहते. कपडे ओले, अंगाला दुर्गंधि, मांड्यांची कातडी सोललेली. मग अंथरूण वेगळें होतें, पान वेगळें वाढलें जातें आणि पुष्कळदां नवराही दुसरा संसार थाटतो.

हें दुखणें आजकालचें नव्हे. इजिप्तच्या अकराव्या राजवंशांतील, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या, हेनहेनित नांवाच्या स्त्रीचा मसाले भरून ठेवलेला देह डेरी या शरीररचनाशास्त्रज्ञानें तपासला. तिचें कटीर अरुंद होतें आणि मूत्राशयाला भलें मोठें भोंक होतें. त्याचें टिपण १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या सुश्रुतालाही या व्रणाची ओळख होती. मुतखडा काढतांना स्त्रियांचा गर्भाशय मूत्राशयाला लागून असतो हें ध्यानांत ठेवून शस्त्र चालवावें, नाहींतर मूत्र पाझरणारा व्रण होतो, असा इशारा त्यानें दिला आहे. इशारा होता, झालेला व्रण खात्रीनें बुजविण्याची विद्या मात्र पुढें कित्येक शतकें कोणाच्याच हातीं नव्हती.

आतां अमेरिकेंत चलूं. अलाबामा संस्थानांतील माँटगोमेरी या गांवीं १८४५ च्या सुमारास मॅरियन सिम्स नांवाचा तरुण डॉक्टर होता. त्याच्याकडे या दुखण्याच्या कांहीं नीग्रो गुलाम स्त्रिया आल्या. आल्या म्हणण्यापेक्षां त्यांच्या मालकांनीं धाडल्या. त्यांतल्या तिघींचींच नांवें आपणांस ठाऊक आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. अनार्का सतरा वर्षांची. तीन दिवस अडली होती. सिम्सनें घराच्या आवारांत लहानसें इस्पितळ बांधलें आणि सुमारें चार वर्षें त्यांच्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया केल्या.

लूसीची पाळी पहिली. गांवचे डझनभर डॉक्टर पाहात उभे होते आणि ती गुडघे व कोपरें टेंकून जवळजवळ तासभर तशीच होती. गुंगीचें औषध नाहीं. नंतर आंत ठेवलेल्या स्पंजामुळें विषबाधा होऊन ती मरणाच्या दारीं गेली. सावरायला दोन-तीन महिने लागले. १८४६ सालीं बॉस्टनमध्यें ईथरनें भूल देऊन शस्त्रक्रिया झाली होती. तरी या बायकांच्या वांट्याला ती भूल आली नाहीं. हळूहळू पाहणारे डॉक्टर येईनासे झाले, तेव्हां सिम्सनें याच स्त्रियांना एकमेकींना धरण्याचें व हातांखालीं मदत करण्याचें काम शिकविलें. रेशमी टांके पिकत असत. शेवटीं त्यानें सोनाराकडून चांदीची बारीक तार करवून घेतली, आणि १८४९ सालीं, सुमारें तिसाव्या शस्त्रक्रियेनंतर, अनार्काचें भोंक बुजलें.

१८५२ सालीं सिम्सनें आपली रीत प्रसिद्ध केली, १८५५ सालीं न्यूयॉर्कला स्त्रियांचें इस्पितळ उघडलें, आणि कीर्ति युरोपभर पसरली. मागाहून त्याचा पुतळाही उभारला गेला. तो २०१८ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून काढण्यांत आला. या बायका स्वतः शस्त्रक्रियेला उत्सुक होत्या, असें सिम्स लिहितो. असतीलही, असल्या दुखण्यांतून सुटका कोणाला नको? पण जिला नकार देण्याची मुभाच नाहीं, तिच्या होकाराची किंमत काय करावी? अनार्कानें, बेट्सीनें, लूसीनें स्वतः लिहिलेली एक ओळही आपणांपाशीं नाहीं.

उपाय सांपडला, तरी रोगी उपायापर्यंत पोंचला पाहिजे. आपल्याकडे लाज आडवी येई. पुरुष डॉक्टरला असलें दुखणें दाखविण्यापेक्षां सोसणें बरें, असें बायकांना वाटे. १८८१ सालीं पन्ना संस्थानच्या महाराणींनीं एलिझाबेथ बीलबी या वैद्यकीय मिशनरी बाईंच्या हातीं व्हिक्टोरिया राणीकडे निरोप धाडला, तो आजारी स्त्रियांच्या याच हालांचा. १८८५ सालीं डफरिन फंड निघाला; १८८६ सालीं मुंबईस कामा इस्पितळ सुरू झालें. त्याच वर्षीं आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु स्त्रियांचें प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षीं झालेलें स्वतःचें मूल दहा दिवसांत गमावलेल्या बाईनें हा विषय निवडावा, याचें मला मुळींच आश्चर्य वाटत नाहीं.

अडलेल्या बाईवर वेळीं शस्त्रक्रिया होऊं लागली, तसा श्रीमंत देशांतून हा विकार जवळजवळ नाहींसा झाला. गरीब देशांत तो राहिला. इथिओपियांत रेजिनाल्ड व कॅथरिन हॅम्लिन हें डॉक्टर दांपत्य १८५९ नव्हे, १९५९ सालीं गेलें. म्हणजे अनार्का बरी होऊन एकशेंदहा वर्षें लोटलीं, तरी तेथें अनार्का येतच होत्या! १९७४ सालीं त्यांनीं आदिस अबाबा येथें केवळ या दुखण्याचें इस्पितळ काढलें. दुखणें अगदीं ताजें असेल, तर मूत्राशयांत कांहीं आठवडे नळी ठेवूनच लहान भोंक मिटूं शकतें. एरव्हीं शस्त्रक्रियेनें बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात.

हॅम्लिन यांच्याकडे आलेल्या रोग्यांत मामितू गाशे नांवाची एक खेडवळ मुलगी होती. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. बरें वाटूं लागल्यावर ती इस्पितळांत खाटा नीट करूं लागली, मग शस्त्रक्रियेच्या वेळीं हत्यारें हातांत देऊं लागली. लूसी आणि बेट्सी येथवरच आल्या होत्या. मामितूच्या हातीं पुढें डॉक्टरांनीं शस्त्र दिलें, आणि तिनें आपल्यासारख्या कित्येक बायकांचीं भोंकें स्वतः शिवलीं. १९८९ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनें तिला सुवर्णपदक दिलें.