खुळखुळ्याची शेंग

परवा एस.टी.ने जळगावहून धुळ्याला चालले होते. पारोळ्याच्या अलीकडे एका शेतात ताग पिवळ्या फुलांनी नुसता भरला होता. ताग पाहिला की मला त्याचा रानटी भाऊबंद आठवतो, खुळखुळा. वाळलेली शेंग कानाशी हलवली की आतलं बी वाजतं. लहानपणी आमचं ते फुकटचं खेळणं. शास्त्रज्ञांनी या कुळाला दिलेलं 'क्रोटालारिया' हे नावही ग्रीक भाषेतल्या खुळखुळ्यावरूनच आलंय.

या शेंगेचा आणि माझ्या एका विद्यार्थिनीचा संबंध मला फार उशिरा कळला.

१९८६ सालची गोष्ट. नववीतली मुलगी, अभ्यासात बरी. पण वर्ग वरच्या मजल्यावर, आणि ही जिन्यात दोनदा बसायची. कवायतीच्या तासाला तर मागेच. मी तिला चारचौघींत 'आळशी' म्हटलं. ती काही बोलली नाही, नुसती धापा टाकत राहिली. ओठ निळसर दिसत, तेही मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं. पुढे घरच्यांनी तिला मुंबईला नेलं. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय, असं निदान झालं. उपाय फारसा नव्हता. दहावीचा अर्ज तिने भरला, परीक्षा मात्र दिली नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा या आजाराचा इतिहास शोधू लागले. मी इतिहासाची शिक्षिका, विज्ञान जेमतेम. पण शोधता शोधता वाट थेट आपल्या बांधावर आली.

क्रोटालारिया स्पेक्टाबिलिस ही आपल्याच भारतीय उपखंडातली जात. जमिनीचा कस वाढवायला, हिरवळीचं खत म्हणून ती अमेरिकेच्या दक्षिण भागात नेली गेली. तिथे तिचं बी खाऊन गुरं-कोंबड्या मरू लागल्या. त्या बियांतलं विष म्हणजे मोनोक्रोटॅलिन. १९६७ साली के, हॅरिस आणि हीथ या संशोधकांनी पांढऱ्या उंदरांना हे बी खायला घातलं. उंदरांच्या फुफ्फुसातल्या धमन्यांच्या भिंती जाड झाल्या, हृदयाची उजवी बाजू सुजली. थेट माणसासारखंच दुखणं!

पुढे बियांऐवजी शुद्ध विष टोचू लागले. एकच टोचणी, यकृतात त्याचं खरं विष बनतं, ते रक्तातून फुफ्फुसात पोचतं आणि तीन-चार आठवड्यांत दाब चढतो. स्वस्त आणि सोपी रीत, म्हणून जगभर रूढ झाली.

आपल्याकडे याच कुळाने माणसंही मारली आहेत. १९७५च्या सुमारास सरगुजा जिल्ह्यात धान्यात क्रोटालारियाचं बी मिसळलं गेलं आणि अनेक माणसं यकृताच्या विकाराने आजारी पडली. जे बी गरिबाच्या ताटात विष, तेच प्रयोगशाळेत साधन.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मोनोक्रोटॅलिनच्या उंदरांना बरी करणारी कितीतरी औषधं माणसापाशी येऊन फसली. माणसाच्या जुनाट दुखण्यात बारीक धमन्यांची जी गुंतवळ होते, ती या उंदरांत सहसा दिसत नाही. म्हणून २००१ साली दुसरी रीत निघाली: सुगेन नावाचं रसायन टोचायचं आणि उंदरांना तीन आठवडे कमी प्राणवायूत ठेवायचं. त्यात माणसाच्या जास्त जवळचं चित्र दिसलं.

या सगळ्यातून हाती काय लागलं? २००५ साली अमेरिकेत सिल्डेनाफिलला या आजारासाठी मान्यता मिळाली. २०२४ साली सोटाटरसेप्टला मिळाली. ते आधी या दोन्ही प्रकारच्या उंदरांवर तपासलं होतं. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. पण जिना चढता येतो, वर्षं मिळतात.

त्या मुक्या जिवांना कुणी विचारलं नव्हतं. मला त्यांचं वाईट वाटतं, आणि त्यांचे उपकारही वाटतात, दोन्ही एकदमच. इतिहास शिकवताना मी मुलींना सांगायचे, पुरावा नीट पाहा, मगच मत द्या. निळे ओठ हा पुरावाच होता. उंदराच्या छातीत कुणीतरी वाकून पाहत होतं, त्या वर्षांत माझ्यासमोरच्या मुलीकडे मी पाहिलं नाही.

असो. कुणा शिक्षकाने हे वाचलं, तर एवढंच करा. जिन्यात बसलेल्या पोरीला रागावण्याआधी तिच्याजवळ क्षणभर बसा.