फॉरमॅट मारण्याआधी थांबा! कॉम्प्युटरमधला व्हायरस 'रेस्क्यू पेनड्राइव्ह'ने असा काढा

नाशिक : सकाळी दहाची वेळ. गावच्या ई-सेवा केंद्रापुढे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा यासाठी रांग लागलेली असते आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दगा देतो. अँटिव्हायरस उघडतच नाही. ब्राउझर आपोआप भलत्याच साइटवर जातो. पेनड्राइव्ह लावला की त्यातली सगळी फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. तालुक्याच्या दुकानात नेला की उत्तर ठरलेले असते, 'फॉरमॅट मारावा लागेल.'

फॉरमॅटने व्हायरस जातो हे खरे. पण डेटा आधी नीट काढून ठेवला नसेल तर सोसायटीचा हिशेब, दूध डेअरीचे पगारपत्रक, बचत गटाचे रजिस्टर, लेकरांचे फोटो सगळेच त्याच्यासोबत जाते. बऱ्याच वेळा त्याची गरजही नसते. त्याआधी एक मोफत उपाय आहे. विंडोज सुरूच न करता बाहेरून कॉम्प्युटर तपासायचा.

बाहेरून का तपासायचे?

विहिरीवरची मोटार उघडायची तर आपण आधी स्टार्टर बंद करतो, फ्यूज काढतो. चालू लाइनवर कोणी हात घालत नाही. व्हायरसचेही तसेच आहे. विंडोज सुरू झाले की व्हायरसही सोबत सुरू होतो. मग तो अँटिव्हायरस बंद पाडतो, स्वतःची फाइल लपवतो, डिलीट केली तरी पुन्हा तयार करतो. रेस्क्यू पेनड्राइव्हमध्ये स्वतःची छोटी सिस्टिम असते, बहुतेक वेळा लिनक्स. कॉम्प्युटर तिच्यावर सुरू झाला की विंडोज झोपलेले राहते आणि व्हायरसही. तो तेव्हा फक्त डिस्कवर पडलेली एक फाइल असतो. ती शोधणे आणि काढणे सोपे जाते.

उपाय जुनाच, 'जोशी' व्हायरसपासूनचा

ही पद्धत नवी नाही. १९९० मध्ये भारतात 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला होता. तो फ्लॉपी आणि हार्ड डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत बसायचा. दरवर्षी ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडकायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप केल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. नुसते रिस्टार्ट करूनही तो मेमरीतून जात नसे. कॉम्प्युटर पूर्ण बंद करायचा, स्वच्छ आणि लॉक केलेल्या फ्लॉपीवरून सुरू करायचा आणि मग सफाई करायची, हाच त्यावर इलाज होता. आज फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला, एवढाच फरक.

पहिली पायरी : विंडोजमधलाच ऑफलाइन स्कॅन

विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय आधीच दिलेली आहे. पेनड्राइव्ह लागत नाही, पैसे लागत नाहीत.

१. उघडलेले काम सेव्ह करा. महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. ती डिस्क तपासल्याशिवाय दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू नका.

२. सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तर विंडोज १० मध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' येथे जा. तिथून 'विंडोज सिक्युरिटी' आणि मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा.

३. 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडून 'स्कॅन नाऊ' दाबा.

४. कॉम्प्युटर रिस्टार्ट होईल आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होईल. साधारण १५ मिनिटे लागतात. काय सापडले ते नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये दिसते.

बऱ्याच कॉम्प्युटरचे काम इथेच भागते.

दुसरी पायरी : रेस्क्यू पेनड्राइव्ह

डिफेंडरच उघडत नसेल किंवा व्हायरस पुन्हा पुन्हा येत असेल तर रेस्क्यू पेनड्राइव्ह करा. कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क आणि डॉक्टर वेब लाइव्हडिस्क ही दोन मोफत साधने आहेत. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या अँटिव्हायरसमध्येही 'इमर्जन्सी डिस्क' बनवण्याची सोय असते. साधन कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा यूट्यूबखालच्या लिंकवरून घेऊ नका. नाहीतर औषध म्हणून विषच घरात यायचे.

१. व्हायरस नसलेला दुसरा कॉम्प्युटर वापरा. आजारी कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह बनवला तर तोही आजारी होतो.

२. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातले सगळे पुसले जाणार, हे लक्षात ठेवा.

३. साधनाची आयएसओ फाइल डाउनलोड करा. ती नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. 'रुफस' या मोफत प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते.

४. आजारी कॉम्प्युटर बंद करताना शिफ्टचे बटण दाबून ठेवून 'शट डाउन' करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपते. मग रेस्क्यू सिस्टिमला डिस्क वाचता येते, पण तिच्यावर काही बदलता येत नाही आणि सफाई अडते.

५. पेनड्राइव्ह लावा आणि कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेनूचे बटण दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरला बहुतेक वेळा एफ १२, एचपीला एफ ९, तर असूसच्या लॅपटॉपला एस्केप. यादी आली की पेनड्राइव्ह निवडा.

६. रेस्क्यू सिस्टिम उघडली की आधी व्हायरसची यादी अपडेट करा. वाय-फाय पकडत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

७. बूट सेक्टर आणि सगळे ड्राइव्ह, म्हणजे सी, डी, ई निवडून स्कॅन लावा. जुन्या हार्ड डिस्कला कित्येक तास लागू शकतात.

लोडशेडिंगचे आधी बघा

स्कॅन चालू असताना लाइट गेली तर काम अर्धवट राहते. फाइल दुरुस्त होत असतानाच गेली तर नुकसानही होऊ शकते. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या, लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा. लोडशेडिंगचे वेळापत्रक पाहूनच सुरुवात करा.

या चुका टाळा

- सगळे एकदम 'डिलीट' करू नका. आधी 'क्युअर' म्हणजे दुरुस्ती निवडा. ते जमले नाही तर 'क्वारंटाइन', म्हणजे फाइल बाजूला कोंडून ठेवणे. विंडोजची गरजेची फाइल उडाली तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.
- पेनड्राइव्ह बूट होत नसेल तर सिक्युअर बूट अडवत असू शकते. बायोसमध्ये बदल करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करा.
- डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला हात लावू नका. ती नसेल तर आपलीच डिस्क आपल्याला उघडणार नाही.
- फोल्डर शॉर्टकट झाली म्हणजे डेटा गेला असे नाही. बहुतेक वेळा मूळ फोल्डर फक्त लपवलेली असतात. सफाईनंतर 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. तरीही दिसली नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची टिक काढा.

सफाई झाली, पण काम संपले नाही

काही व्हायरस कीबोर्डवर टाइप केलेले आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरतात. व्हायरस काढला तरी चोरीला गेलेला पासवर्ड परत येत नाही. म्हणून ईमेल, बँक आणि सेवा केंद्राच्या लॉगिनचे पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून. केंद्राच्या कॉम्प्युटरवर गावकऱ्यांचे आधार आणि पासबुक पडून असतात. ही जोखीम एकट्या केंद्रचालकाची नाही, अख्ख्या गावाची आहे. ज्या फाइलचे काम झाले त्या काढून टाकाव्यात.

खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

रॅन्समवेअर असेल तर?

फाइल उघडत नाहीत, नावामागे विचित्र अक्षरे लागली आणि पैशांची मागणी आली तर तो रॅन्समवेअर. रेस्क्यू डिस्क व्हायरस काढेल, पण कुलूप लागलेल्या फाइल उघडणार नाही. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' साइटवर काही रॅन्समवेअरच्या मोफत किल्ल्या मिळतात, सगळ्यांच्या नाही. असा फटका मोठ्यांनाही बसतो. २७ जून २०१७ च्या 'पेट्या' हल्ल्यात न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. खरा इलाज एकच, बॅकअप. महत्त्वाच्या फाइलची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

मोबाइलचे काय?

मोबाइलला हा पेनड्राइव्ह चालत नाही, पण तत्त्व तेच. शासकीय योजनेच्या, आरटीओ चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल चुकून टाकली गेली असेल तर आधी इंटरनेट बंद करा. मग मोबाइल 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये 'पॉवर ऑफ' दाबून धरले की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे ते ॲप काढता येते. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' यादीतून त्याची परवानगी आधी काढा.

पुन्हा होऊ नये म्हणून

फुकटचे क्रॅक सॉफ्टवेअर आणि विंडोजचे 'ॲक्टिव्हेटर' हा व्हायरस घरात येण्याचा मोठा रस्ता आहे. ते वापरू नका. ग्राहकाचा पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. शक्य असेल तर विंडोज ११ वर जा. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या साइटवरही सफाईची मोफत साधने आहेत. आणि रेस्क्यू पेनड्राइव्ह कॉम्प्युटर चांगला असतानाच बनवून ठेवा. आग लागल्यावर विहीर खोदून उपयोग नसतो.