अमेरिकेचा विस्तार व वऱ्हाडचा कापूस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिमेकडील विस्ताराचा वऱ्हाडच्या, विशेषतः सध्याच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या पेठेच्या, इतिहासाशी आलेला संबंध.

एली व्हिटनी याने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. तत्पूर्वी आखूड धाग्याच्या कापसातील सरकी हातानेच वेगळी करावी लागे व मोठी लागवड परवडत नसे. यंत्राने ही अडचण दूर झाली आणि मळेवाल्यांची जमिनीची भूक वाढली. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी फ्रान्सकडून लुइझिआना हा प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला, तेव्हा राष्ट्राचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले. १८३० च्या कायद्याचा आधार घेऊन चेरोकी, क्रीक इ. जमातींना मिसिसिपीपलीकडे हुसकण्यात आले. त्यांच्या जमिनींवर कापसाचे मळे उभे राहिले, ते गुलामांच्या श्रमावर. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेली. नव्या प्रदेशांत गुलामगिरीस मुभा असावी की नाही, हा वाद १८२० च्या मिसूरी तडजोडीने काही काळ शमला. मिटला मात्र नाही.

लँकाशरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस याच मळ्यांतून येई. हे परावलंबन इंग्रजांना खुपत होते. १८५३ मध्ये त्यांनी हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. लुइझिआना रोख पैशाने गेला, तर वऱ्हाड थकलेल्या देण्यापायी. दोन्हीकडे तेथील रयतेला कोणी विचारले नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि वऱ्हाडच्या रुईला अपूर्व भाव आला. ज्वारीच्या रानांत कपाशी शिरली. लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. ऐन तेजीतील माल बऱ्याच अंशी बैलगाड्यांवरच गेला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. कपाशी मात्र मागे हटली नाही. सारा व सावकाराचे देणे रोखीत भागवण्यास शेतकऱ्यापाशी दुसरे नगदी पीक नव्हते. धान्य विकत घेणारे कुणबी वाढले आणि १८९९–१९०० च्या दुष्काळाची झळ त्यांना अधिक तीव्रतेने लागली.

बाजारातही त्याची बाजू लंगडीच होती. भाव रुमालाखाली बोटांनी ठरे, मापात खोट असे, शिवाय आडत, हमाली, धर्मादाय अशा कपाती होत. अशा स्थितीत हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिला बाजार मानला जातो. मँचेस्टरला निर्भेळ कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागील मुख्य हेतू होता. शेतकऱ्याचे हित आनुषंगिकच. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. वजने, मापे व दलालांवर देखरेख ठेवण्यासाठी त्याने समित्या नेमल्या. परंतु त्यांत व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले व पिकविणाऱ्याला प्रतिनिधित्वाची हमी नव्हती. कृषी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात वऱ्हाडच्या पद्धतीतील या उणिवेवर बोट ठेवले.