जुन्या तबकड्यांचे नवे पाठ

प्राचीन ग्रंथाची नवी आवृत्ति हातीं आली म्हणजे जाणता वाचक प्रथम प्रस्तावना उघडतो. संपादकानें कोणकोणत्या पोथ्या जमविल्या, कोणता पाठ स्वीकारला, कोणता तळटीपेंत ढकलला, हें समजल्यावांचून त्याचें समाधान होत नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली. तेव्हांपासून तर 'प्रक्षिप्त' हा शब्द आपल्याकडील सुशिक्षित घरांत वादाच्या वेळीं शस्त्रासारखा उपसला जातो. परंतु हाच वाचक इंग्रजी रॉक संगीताची एखादी जुनी तबकडी 'रीमास्टर्ड' अशा शिक्क्यासह घरीं आणतो, तेव्हां असला एकहि प्रश्न विचारीत नाहीं. जुन्या चित्रावरील धूळ पुसली असावी, एवढीच त्याची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हें १९६७-६८ या दोन वर्षांतील कांहीं तबकड्यांच्या इतिहासावरून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. स्टुडिओंत गायनवादन ज्या फितीवर उतरतें तिच्यावर अनेक समांतर पट्टे असतात. एकावर गळा, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर ड्रम, असें. हे पट्टे योग्य प्रमाणांत एकत्र मिसळून जी फीत सिद्ध होते ती मास्टर फीत. तिच्यावरून तबकडी कापतांना पुन्हां कारागिरी लागते; खर्ज फार झाला तर सुई खांचेंतून उडते, म्हणून तो आंवळावा लागतो. पुढें १९८२ सालीं सीडी आली, तेव्हां अनेक कंपन्यांनीं तबकडीसाठीं आंवळलेल्या दुय्यम फितींवरूनच घाईनें सीडी काढल्या. मूळ पोथी कपाटांत राहिली आणि छापखान्यांत गेली ती नकलेची नक्कल. रीमास्टर करणें म्हणजे मूळ मास्टर फितीकडे परत जाऊन नवी प्रत काढणें. रीमिक्स करणें म्हणजे त्याच्याहि मागें, सुट्या पट्ट्यांपर्यंत जाऊन मिश्रणच नव्यानें करणें. पहिलें काम लेखनिकाचें, दुसरें संपादकाचें. बाजारांत मात्र दोन्हीं कामें पुष्कळदां एकाच पाटीखालीं विकलीं जातात, आणि घोटाळ्यास तेथूनच आरंभ होतो.

या घोटाळ्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे बीटल्स मंडळींची १९६७ सालची 'सार्जंट पेपर' ही तबकडी. लंडनच्या ॲबे रोडवरील ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओंत ती चार पट्ट्यांच्या यंत्रावर तयार झाली. चार पट्टे भरले म्हणजे ते दुसऱ्या यंत्राच्या एकदोन पट्ट्यांवर उतरवून पुढील वाद्यांसाठीं जागा मोकळी करावयाची, अशी तेव्हांची रीत. प्रत्येक उतरवणीबरोबर आधींच्या वाद्यांचें तेज थोडें मंदावे. त्या काळीं इंग्लंडांतील बहुतेक तरुणांच्या घरीं एकाच कर्ण्याचें यंत्र असे. त्यामुळें चौघे बीटल्स व त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीं आपला सारा जीव एकेरी ध्वनीच्या, म्हणजे मोनो मिश्रणांत ओतला. दोन कर्ण्यांच्या स्टिरिओ यंत्रासाठीं वेगळें मिश्रण हवें होतें, तें मागाहून मार्टिन व ध्वनितंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनीं थोडक्या दिवसांत उरकलें. बीटल्स त्या वेळीं हजर नव्हते.

परिणाम असा झाला कीं, एकाच नांवाच्या दोन तबकड्या जगांत आल्या आणि त्या एकसारख्या नाहींत. घर सोडून जाणाऱ्या मुलीचें जें गाणें त्यांत आहे तें मोनोंत अधिक द्रुत व चढ्या स्वरांत आहे. स्टिरिओंत तेंच मंद आणि उतरलेलें. स्टिरिओंतील मुलगी रडत निघाल्यासारखी वाटते, मोनोंतील मुलगी ठरवून निघाल्यासारखी. शेवटाकडे शीर्षकगीताची जी पुनरावृत्ति होते तींत पॉल मॅकार्टनी यांच्या आरोळ्या मोनोंत स्पष्ट ऐकूं येतात. स्टिरिओंत त्या जवळजवळ बुडाल्या आहेत. हे केवळ कानाचे चोचले नव्हेत. लय आणि पट्टी बदलली म्हणजे चिजेचा भाव बदलतो, हें ख्याल ऐकणाऱ्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

मग मूळ पाठ कोणता? कर्त्यांच्या नजरेखालीं जो सिद्ध झाला तो मोनो, असेंच म्हणावें लागेल. परंतु लोकांत रुजला तो दुसराच. मोनो यंत्रें लवकरच मागें पडलीं. १९८७ सालीं सीडी निघाली तीहि स्टिरिओ. अशा रीतीनें सुमारें चाळीस वर्षें बहुतेक जगानें कर्त्यांच्या गैरहजेरींत तयार झालेला पाठ प्रमाण मानला, त्यावर प्रेम केलें, प्रबंध लिहिले. २००९ सालीं मोनो तबकड्यांची रीमास्टर केलेली पेटी निघाली तेव्हां पुष्कळांस प्रथमच कळलें कीं आपण आजवर शाखांतर वाचीत होतों. पुढें २०१७ सालीं जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनीं उतरवणीपूर्वींच्या फिती काढून नवें स्टिरिओ मिश्रण केलें, आणि तें करतांना मोनो पाठ प्रमाण म्हणून समोर ठेवला. ती मुलगी आतां स्टिरिओंतहि ठरवूनच निघते. संपादन म्हणून हें काम आम्हांस आदरणीय वाटतें. मात्र ज्यांच्या तारुण्यांत ती रडत निघाली होती त्यांना हें पटविणें सोपें नाहीं.

आमच्या पिढीची तऱ्हा तर याहून विलक्षण. आम्हीं कॉलेजांत असतांना ही तबकडी ऐकली ती कोणाच्या तरी परदेशस्थ मामानें आणलेल्या प्रतीवरून केलेल्या कॅसेटच्या कॅसेटवर. त्या फितीची सरसर आम्हांस अजून पाठ आहे, आणि आजची निर्मळ प्रत ऐकतांना ती नसल्याची चुटपुट लागते. चुटपुट म्हणजे पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण रीमास्टरच्या बाजारांत पुष्कळशी उलाढाल याच चुटपुटीच्या भांडवलावर होते, हेंहि जाणतों.

मोनो-स्टिरिओच्या या भेदाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत पोंचतो. १९६८ च्या जानेवारींत जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठीं मुंबईस आले होते. तेथील एच.एम.व्ही. कंपनीच्या स्टुडिओंत त्यांनीं भारतीय वादकांकडून आणखी एका गाण्याचें वादन ध्वनिमुद्रित करून घेतलें; गळा पुढें लंडनांत चढविला. 'दि इनर लाइट' या नांवानें तें त्याच वर्षींच्या मार्चांत एका लहान तबकडीच्या मागल्या बाजूस प्रसिद्ध झालें, अर्थात् मोनोंत. त्याचें स्टिरिओ मिश्रण १९७० सालीं झालें, व तें बाजारांत येण्यास १९८१ साल उजाडावें लागलें. बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. परंतु तबकडीच्या चिकटपट्टीवर मुंबईच्या एकाहि वादकाचें नांव नव्हतें. २०१८ सालीं 'व्हाइट आल्बम'ला पन्नास वर्षें झालीं म्हणून जी मोठी पेटी निघाली, तींत या गाण्याचें नुसतें वादन, गळ्यावांचून, स्वतंत्र दिलें आहे. अर्ध्या शतकानंतर त्या वादकांकडे श्रोत्याचें पुरें लक्ष जाण्याची सोय झाली. या सर्व उद्योगाच्या खात्यावर आम्ही जें पुण्य मांडतों त्यांत हें मोठें आहे.

येथवर प्रसिद्ध तबकड्यांची गोष्ट झाली. हरवून सांपडलेल्या तबकडीचा इतिहास निराळा असतो, आणि तो आम्हांस अधिक हृद्य वाटतो. इंग्लंडांतील सेंट ऑल्बन्स गांवचीं पांच मुलें 'झॉम्बीज' असें भयंकर नांव घेऊन १९६४ सालीं पुढें आलीं. पहिलें यश लवकर ओसरलें. १९६७ सालीं सी.बी.एस. कंपनीनें दिलेल्या हजार पौंडांच्या तुटपुंज्या रकमेंत त्यांनीं 'ओडेसी अँड ओरॅकल' ही तबकडी करावयास घेतली. जागा पुष्कळशी तीच, ॲबे रोड. वेळ बीटल्स 'सार्जंट पेपर' संपवून गेल्यानंतरची. जॉन लेनन यांचें तेथें राहिलेलें मेलोट्रॉन नांवाचें वाद्य आपण वापरलें, असें या मंडळीचे रॉड आर्जंट सांगत आले आहेत. मोनो मिश्रण हातावेगळें झाल्यावर कंपनीनें स्टिरिओहि मागितलें, आणि पैसा तर संपलेला. तेव्हां आर्जंट व ख्रिस व्हाइट या दोघांनीं गीतरचनेबद्दल मिळालेल्या मानधनांतून, पदरमोड करून तें करविलें. त्यांतहि एक अडचण उभी राहिली. एका गाण्यांतील पितळी वाद्यें सुट्या पट्ट्यावर न घेतां थेट मोनो मिश्रणावरच चढविलीं होतीं. त्यामुळें त्या गाण्याचें खरें स्टिरिओ होणें शक्य नव्हतें. मोनोलाच तसा आभास देऊन वेळ निभावून न्यावी लागली. मुखपृष्ठ रंगविणाऱ्या मित्रानें 'ओडेसी' शब्दाचें स्पेलिंग चुकविलें, तें तसेंच छापलें गेलें व आजतागायत तेंच प्रमाण आहे. (लेखनिकाचा प्रमादहि कधीं कधीं मूळ पाठ ठरतो, हें पाठचिकित्सकांनीं ध्यानांत ठेवावें.)

१९६७ च्या डिसेंबरांत मंडळी फुटली. तबकडी १९६८ च्या एप्रिलांत निघाली तेव्हां ती लोकांपुढें वाजविण्यास कोणी उरलेंच नव्हतें. इंग्लंडांत ती खपली नाहीं. गायक कॉलिन ब्लन्स्टन विम्याच्या कचेरींत नोकरीस लागले. अमेरिकेंत ती निघाली, तें अल कूपर या संगीतकारानें लंडनहून प्रत नेऊन कंपनीच्या वरिष्ठांपाशीं हट्ट धरला म्हणून. १९६९ च्या आरंभीं तींतील शेवटचें गाणें तेथें एकाएकीं गाजलें आणि बिलबोर्डच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. खरी मंडळी एकत्र येईना, तेव्हां तिच्या नांवानें भलतींच टोळकीं अमेरिकेंत गांवोगांव कार्यक्रम करीत फिरलीं. आपल्या नाटकमंडळ्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पुढें वर्षानुवर्षें ती तबकडी जिवंत राहिली ती जुन्या मालाच्या दुकानांत खोके चाळणाऱ्यांमुळें, मित्राला प्रत करून देणाऱ्यांमुळें आणि लहान लहान पुनर्प्रकाशकांमुळें. २००८ च्या मार्चांत हयात चौघांनीं लंडनच्या रंगमंचावर ती सबंध वाजविली. पांचवे, गिटारवादक पॉल ॲटकिन्सन, २००४ सालींच निवर्तले होते. 'पुनःशोध' हा शब्द कंपन्या आपल्या जाहिरातींत सढळ हातानें वापरतात. परंतु ज्यांनीं ती वस्तु हरवली त्यांनींच शोधाचें श्रेय घ्यावें, हें आम्हांस रुचत नाहीं.

कर्ता स्वतःच संपादक झाला म्हणजे प्रश्न सुटतो, असें कोणास वाटेल. इगी पॉप यांची 'रॉ पॉवर' ही १९७३ सालची तबकडी. तिचें मिश्रण मुख्यतः डेव्हिड बोवी यांनीं केलें होतें. १९९७ सालीं इगी पॉप यांनीं तें मोडून स्वतः नवें केलें. तीं वर्षें ध्वनीच्या चढाओढीचीं होतीं. गाण्यांतील हळू आणि मोठा यांतील अंतर दाबून टाकून सारें एकाच कर्कश उंचीवर आणावयाचें, म्हणजे दुसऱ्याच्या सीडीपेक्षां आपली सीडी मोठ्यानें वाजेल, असा तो खुळा न्याय. नवी 'रॉ पॉवर' या कर्कशपणाचा नमुना म्हणून गाजली, व तिच्यापुढें बोवी यांचा पाठ दुकानांतून कित्येक वर्षें नाहींसा झाला. तो २०१० सालीं परत आला. कर्त्याला आपली कृति बदलण्याचा हक्क आहे. पण जुनी प्रत श्रोत्याच्या हातांतून काढून घेण्याचा आहे काय? आमच्या मतें नाहीं.

याच्या उलट टोंक म्हणजे 'स्माइल'. बीच बॉइज मंडळीची ही तबकडी १९६७ सालीं अर्धवट सोडून दिली गेली, म्हणजे तिला मूळ पाठच नाहीं. ब्रायन विल्सन यांनीं २००४ सालीं ती नव्यानें गाऊन पुरी केली, आणि २०११ सालीं जुने तुकडे प्रसिद्ध झाले ते बव्हंशीं या नव्या क्रमानें लावून. शेवट आधीं ठरला, आरंभ मागाहून!

जुन्या फितींविषयींच्या या प्रेमांत कायद्याचाहि हात आहे. युरोपीय संघानें २०११ सालीं ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासावरून सत्तर वर्षें केली. परंतु पन्नास वर्षांत जें प्रसिद्धच झालें नाहीं त्याला ही वाढ मिळत नाहीं. तेव्हां २०१२ च्या अखेरीस बॉब डिलन यांच्या अप्रसिद्ध मुद्रणांचा संच युरोपांत सुमारें शंभरच प्रतींत निघाला, आणि हक्काची मुदत वाढविण्यासाठीं काढलेला संग्रह, अशा अर्थाचें त्याचें पोटनांवहि निःसंकोच छापलें गेलें. इतका प्रामाणिक प्रकाशक आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. दुसरीकडे फिती झिजत आहेत. १९७० नंतरच्या कांहीं फितींवरील लेप हवेंतील ओल शोषून चिकट होतो. अशी फीत वाजविण्यापूर्वीं सौम्य भट्टींत तासन्‌तास शेकावी लागते. २००८ सालीं हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगींत असंख्य फिती असलेली एक कोठी जळाली; नेमकें काय गेलें यावर पुढें वर्षानुवर्षें वाद चालला.

आतां तर पट्ट्यांचेंहि बंधन सैल झालें आहे. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ सालच्या तबकडींत कांहीं ठिकाणीं ड्रम, गिटार व खर्जाची गिटार एकाच पट्ट्यावर मिसळलेलीं आहेत. तीं वेगळीं होणार नाहींत, असेंच सारे धरून चालले होते. चित्रपटकार पीटर जॅक्सन यांच्या मंडळींनीं तयार केलेल्या संगणकविद्येनें तीं वेगळीं काढलीं, आणि २०२२ सालीं जाइल्स मार्टिन यांनीं त्या तबकडीचें नवें स्टिरिओ मिश्रण प्रसिद्ध केलें. ड्रम आतां मध्यभागीं उभे राहतात, खर्ज भरदार वाजतो, ऐकण्यास तें निःसंशय सुखद आहे. मात्र जी अलगता कोणत्याहि फितीवर कधीं नव्हती ती गणितानें निर्माण केलेली आहे. पोथींत नसलेलीं पदच्छेदाचीं चिन्हें संपादकानें घालावींत, तसें हें आहे. प्रकाशकांनीं एक गोष्ट चांगली केली. मोठ्या पेटींत १९६६ चें मोनो मिश्रणहि शेजारीं ठेवलें आहे, आणि घरीं पेटी आली त्या दिवशीं आम्हीं आधीं तेंच लावलें.