वेळ
वेळ : संस्कृत ‘वेला’ या शब्दापासून आलेला, मराठीत नित्य व्यवहारातला कालवाचक शब्द. मर्यादा, नियत समय, समुद्राची भरती व समुद्रतट हे जे अर्थ संस्कृतात होते, त्यांपैकी समयाचा अर्थ मराठीने मुख्यत्वे स्वीकारला. कोकणीत मात्र समुद्रकिनाऱ्यास ‘वेळ’ म्हणण्याचा प्रघात कायम आहे.

मराठीत हा शब्द दोन लिंगांत चालतो आणि लिंगाबरोबर त्याचा अर्थही पालटतो, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. कालाचा विस्तार सांगावयाचा असता तो पुल्लिंगी (‘पुष्कळ वेळ गेला’, ‘थोड्या वेळाने’) आणि विशिष्ट क्षण किंवा प्रसंग सांगावयाचा असता स्त्रीलिंगी (‘जेवणाची वेळ झाली’, ‘ठरल्या वेळेस’) असतो. अनेकवचन स्त्रीलिंगी रूपाचेच होते व त्यातूनच आवृत्ती मोजण्याचा ‘तीन वेळा’ हा प्रयोग सिद्ध झाला आहे.

समानार्थी शब्दांत ‘काळ’ हा अधिक व्यापक असून युगापासून मृत्यूपर्यंत त्याची व्याप्ती आहे, तर ‘मुदत’ हा अरबी-फारसीतून दप्तरात आलेला शब्द करार वा हुकूम यांनी बांधलेल्या अवधीपुरता मर्यादित आहे. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत काळ म्हणजे मृत्यू आणि वेळ म्हणजे त्याची नेमकी घडी, हा भेद लोकभाषेने अचूक टिपला आहे. ‘वेळ येणे’ (आपत्ती ओढवणे), ‘वेळ साधणे’ (संधीचा उपयोग करणे), ‘वेळ मारून नेणे’ (प्रसंग कसाबसा निभावणे) हे वाक्प्रचार, तसेच अवेळ, कातरवेळ, वेळोवेळी, वेळप्रसंगी, वेळापत्रक ही साधित व सामासिक रूपे विशेष प्रचलित आहेत.